तलवारीची मूठ चामड्यानं मढवताना : तीन मुठी, त्यातल्या दोन वाया

कानसबहाद्दर | रविवार, रात्री १०:१२

मागे ट्रकच्या कमानपाट्यातून तलवारीचं पातं घासून काढलं, तेव्हा "आता मूठ कधी?" असं पाच-सहा जणांनी विचारलं होतं. मूठ झाली. एक नाही, तीन झाल्या. दोन कचऱ्यात गेल्या, म्हणून हा चर्चेचा धागा जरा लांबलाय.

आधी एक खुलासा. ही आपली धोप (सरळ पात्याची मराठा तलवार) नव्हे. आपल्याकडे मूठ लोखंडी, परजेसकट (हात झाकणाऱ्या लोखंडी आडोशासकट), आणि पात्याची शेपटी तिच्या पोकळीत तापवलेल्या लाखेत बसवलेली. मी केली ती चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली युरोपीय लाँगसोर्ड. एका हातानं पेलते, दुसरा हातही लावता येतो. वर आडवी लोखंडी दांडी, खाली लट्टू, आणि दोहोंच्या मधे टँगभोवती (म्हणजे पात्याच्या शेपटीभोवती) लाकूड, लाकडावर दोरा, दोऱ्यावर चामडं. तिकडे लट्टूला पॉमेल म्हणतात, पण आपल्याला लट्टूच बरा. (पातं बोथट आहे. तो प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो.)

सगळे विचारतात चामड्याबद्दल, आणि माझी पहिली मूठ वाया गेली ती लाकडामुळे. बाभळीचं लाकूड घेतलं होतं. तिकडे अ‍ॅश, बीच वापरायचे. आपल्याकडे औजारांच्या दांड्यांना बाभूळ चालते, तर मुठीला का नको? लाकूड हातात धरून बघत बघत घासत गेलो आणि हातात छान बसलं तिथे थांबलो. हीच चूक. दांडीजवळ रुंदी ३२ मिमी, जाडी २४ मिमी. त्यावर एक मिमीचा दोरा आणि एक मिमीचं चामडं, म्हणजे चहूबाजूंनी दोन मिमी. परीघ ८८ मिमीचा १०१ झाला. कागदावर अर्धा इंच म्हणजे किरकोळ वाटतं. हातात धरली तर उसाचं कांडकं.

त्यामुळे आता उलटा हिशोब. तयार मूठ ३२ बाय २४ हवी असेल तर लाकूड २८ बाय २० वर न्यायचं. ते नुसतं हातात धरलं की फारच बारीक वाटतं, "आणखी घासलं तर मोडेल" अशी धास्ती वाटते. मोडत नाही. आत सलग टँग आहे. आणि काप लंबगोलच हवा. झाडूचा दांडा गोल असतो, कोयत्याची मूठ नसते, त्याचं कारण अंधारातही हाताला कळलं पाहिजे की धार कुठे आहे.

लाकूड दोन फाकांचं. दोन्ही फाकांत निम्मी निम्मी खाच पटाशीनं कोरायची. टँग मेणबत्तीवर धरून काजळी धरवायची, फाक दाबायची, उचलायची. जिथे काळं उमटेल तिथलं लाकूड टेकतंय, तेवढंच काढायचं. मला या कामाला तीन संध्याकाळी लागल्या आणि त्या तीनही मजेत गेल्या. मग अराल्डाइट, शिकंजे, एक रात्र. दांडी आणि लट्टू त्याआधीच बसवून टँगचं टोक लट्टूवर रिव्हेटसारखं ठोकून घेतलं होतं. फाका मागाहून घालता येतात हाच या पद्धतीचा फायदा.

दुसऱ्या मुठीचं लाकूड नेमकं जमलं. ती चामड्यानं घालवली. ते उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

---

मुक्तछंद | रविवार, रात्री १०:४०

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाका हो, नुसत्या मापांनी काय कळणार!

---

शंकासुर | सोमवार, सकाळी ८:०५

धागा छान, पण शस्त्र अधिनियम १९५९ कुणी वाचलाय का? त्याखालच्या यादीत तलवार नावानिशी आहे, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारंही, घरगुती आणि शेतीच्या वापराची सोडून. उगाच हौसेपायी पोलीस चौकीत चहा प्यायला जाल.

---

कानसबहाद्दर | सोमवार, सकाळी ९:३०

बरोबर बोललात, आणि हे सगळ्यांनीच वाचा. माझ्या पात्याच्या कडा दीड मिमी जाड, टोक गोल घासलेलं. तरीही ती घराबाहेर जात नाही. मिरवणुकीत नाही, गाडीच्या डिकीत नाही, वाढदिवसाचा केक कापायला तर मुळीच नाही.

आता दुसरी मूठ.

एका बॅगवाल्याकडून उरलेले तुकडे आणले. मऊ, सुंदर तपकिरी. भिजवून ताणले तर रबरासारखे ताणले गेले, वाळल्यावर पुन्हा ढिले. दोऱ्याचे वेढे खालून उठून दिसायला हवे होते, ते दिसेनात. सांधा कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्हनं चिकटवला होता. एप्रिलच्या उन्हात बाल्कनीत तासभर राहिली तर सांधा ओठ उघडावेत तसा उघडला. फाडून काढलं.

मग त्याच लाकडावर दुसरं चामडं चढवलं, शेळीचं, झाडाच्या सालीनं कमावलेलं. हे अप्रतिम बसलं. कोमट पाण्यात भिजवलं, फेव्हिकॉल लावला, वरून दोरी आवळली, झोपलो. सकाळी दोरी सोडली तर दांडीजवळ आणि लट्टूजवळ शाई सांडल्यासारखे निळे-काळे डाग. वाटलं बुरशी. पुसून जाईना. पॉलिश पेपरनं घासलं तर चामड्याचा वरचा पोतच गेला.

हे काय झालं ते कुणी सांगेल का? तिसऱ्या वेळी दांडीला आणि लट्टूला चिकटपट्टी गुंडाळली तर झालं नाही, म्हणजे लोखंडाशी संबंध आहे एवढं कळलं.

---

हळदीकुंकू | सोमवार, दुपारी १:१५

अहो, तुम्ही नकळत शाई केलीत!

मी नैसर्गिक रंगात कापड रंगवते. हिरड्याच्या काढ्यात भिजवलेल्या सुती कापडाला हिराकशीच्या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत काळं होतं. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की हा काळा रंग बनतो. जुन्या पोथ्यांसाठीही अशी शाई करत. तुमच्या चामड्यात सालीचं टॅनिन ठासून भरलेलं, ते ओलं, आणि त्याला चिकटून उघडं लोखंड. रात्रभर. आणखी काय होणार?

पुढच्या वेळी डाग पडलाच तर घासू नका. लिंबाचा रस कापसाच्या बोळ्यानं लावा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्यानं नीट पुसून घ्या. पूर्ण जाईलच असं नाही, पण फिका होतो. रस तसाच राहू देऊ नका, आम्ल आहे, शेजारचं लोखंड गंजेल.

आणि मुळात मूठ काळीच हवी असेल तर ताप कशाला? सगळंच चामडं मुद्दाम काळं करा. गंजके खिळे व्हिनेगरमधे आठवडाभर ठेवून ते पाणी लावायचं.

---

चप्पललाईन | सोमवार, संध्याकाळी ७:५०

हळदीकुंकू ताईंना दंडवत. आमच्या आजोबांनी कोल्हापुरी चपलांच्या कामात आयुष्य काढलं. ओल्या चामड्याला गंजकी आरी लावली की ओरडायचे, "डाग धरतंय!" कारण आज कळलं.

कानसबहाद्दर, तुमचे ते पहिले मऊ तुकडे क्रोमचे. बाजारातल्या बॅगा, जॅकेटं बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेली असतात. ते पाण्यात भिजवून आकार धरत नाही, त्याचा तो स्वभावच नाही. तुम्हाला पाहिजे सालीचं. आमच्याकडे कोल्हापुरीला बाभळीची साल आणि हिरडा, दक्षिणेत तरवडाची साल. ओळखायची रीत सोपी : कापलेली कड बघा. क्रोमची कड आतून बऱ्याचदा निळसर-करडी दिसते, सालीची तपकिरी. शंका राहिली तर नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून जाळा. सालीचं जळून काळा-करडा कोळसा होतो. क्रोमची राख हिरवट. खिडकी उघडून जाळा, घरचे बाहेर काढतील.

कोल्हापुरीचं जाड चामडं मात्र मुठीला नको. तळाचं चामडं म्हशीचं, बैलाचं. तुम्हाला शेळीचं किंवा वासराचं, पाऊण ते एक मिमी. आणि तुम्ही कड पातळ कशी केली ते लिहिलंच नाही! सगळी गंमत तिथंच आहे.

---

कानसबहाद्दर | सोमवार, रात्री ९:२०

दादा, तिथेच तर मी कच्चा. पॉलिश पेपरनं घासून पातळ केली. कड केसाळ झाली.

---

चप्पललाईन | सोमवार, रात्री १०:०५

पेपरनं नाही हो, रापीनं, चामडं कापायच्या रुंद पात्याच्या हत्यारानं. ऐका.

खाली गुळगुळीत दगड पाहिजे. फरशीचा तुकडा, जाड काच, काहीही चालतं. लाकूड नको, रापी त्यात रुतते. चामडं उलटं, म्हणजे मांसाकडची बाजू वर. कोरडंच, फार तर किंचित दमट. रापी जवळजवळ आडवी, दगडापासून जेमतेम उचललेली. आणि ढकलायची ती एका दमात नाही. कडेपासून दहा मिमी आत सुरुवात करायची, बाहेर येत येत उतार संपवायचा, शेवटी कड वर्तमानपत्राच्या कागदाएवढी उरली पाहिजे. साल निघते ती पेन्सिलीच्या सालीसारखी गुंडाळत निघाली म्हणजे धार बरोबर. तुटक तुटक चुरा निघाला म्हणजे थांबा, रापी पाजळा. पाच-सहा घाव झाले की पाजळायचीच. नवीन माणूस पाजळायचा आळस करतो आणि जोर लावतो, मग रापी सटकून चामड्याला भोक पडतं नाहीतर अंगठ्याला. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे, नववीतली.

दोन्ही कडा अशा पातळ केल्या, एकीचा उतार मांसाकडून, दुसरीचा दाण्याकडून (म्हणजे केसांच्या, वरच्या बाजूनं), की एकमेकींवर बसल्यावर जाडी पुन्हा एक मिमीच. बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही.

---

लीड्सकर | मंगळवार, रात्री २:३० (इथे अजून सोमवारची रात्र आहे!)

सुंदर चाललाय धागा. मी इंग्लंडात लीड्सला असतो, रॉयल आर्मरीज हे शस्त्रांचं संग्रहालय घरापासून बसच्या अंतरावर. प्रवेश फुकट, त्यामुळे पावसाळी शनिवार तिथेच.

एक गोष्ट तिथल्या काचांपुढे फिरताना सारखी जाणवते. मध्ययुगीन तलवारी भरपूर, मुठी जवळजवळ नाहीतच. नदीच्या गाळातून किंवा जमिनीतून निघालेल्या तलवारीत पातं उरलेलं, आडवी दांडी उरलेली, लट्टू उरलेला, आणि मधे नुसती टँग, काडीसारखी. लाकूड, दोरा, चामडं सगळं कुजून गेलं. त्यामुळे लोकांना वाटतं की मूठ म्हणजे किरकोळ भाग. ज्या थोड्या मुठी उरल्या त्या चर्चमधल्या, शस्त्रागारांतल्या नाहीतर थडग्यांतल्या. स्पेनमधल्या कॅस्टीलचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा १२७५ मधे वारला. बुर्गोसच्या लास वेल्गास मठात त्याचं थडगं, त्यात त्याची तलवार मुठीसकट टिकली. अशा मोजक्या मुठी बघून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. त्या काळच्या चित्रांत आणि थडग्यांवरच्या कोरीव पुतळ्यांतही मुठीवरचे वेढे दिसतात.

एक प्रश्न. सांधा कुठे ठेवलात? धारेच्या रेषेत की चपट्या बाजूला?

जाता जाता, कुणी लंडनला आलात तर वॉलेस कलेक्शन हे संग्रहालय चुकवू नका. तेही फुकट. युरोपीय तलवारींच्या दालनांबरोबर हिंदुस्थानी हत्यारांचंही दालन आहे. एकाच दुपारी तिकडच्या लाकूड-चामड्याच्या मुठी आणि आपल्या लोखंडी मुठी दोन्ही बघून झाल्या की डोकं भणभणतं.

---

मुक्तछंद | मंगळवार, सकाळी ७:१०

भाबडा प्रश्न : युरोपातून आलेली पाती मराठे वापरत ना? फिरंग म्हणतात ती. मग त्या पात्यांबरोबर चामड्याच्या मुठीही आल्या असतील की.

---

लीड्सकर | बुधवार, रात्री १:५०

पाती आली, मुठी इथल्याच चढल्या. फिरंग म्हणजे परदेशी पातं आणि देशी लोखंडी मूठ, परज, आत गादी. घोड्यावरून मारायच्या तोडीला हात सटकू नये म्हणून ती मूठ हाताला गच्च धरून ठेवते. लाँगसोर्डच्या मुठीवर उलट हात सरकता, फिरता राहावा लागतो. कामच वेगळं.

---

कानसबहाद्दर | बुधवार, रात्री ११:००

लीड्सकर, सांधा मी चपट्या बाजूला ठेवला. धारेच्या रेषेत ठेवला तर तो बोटांच्या पेरांखाली येतो आणि पहिल्यांदा तिथेच झिजतो, असं माझं मत. तुम्ही बघितलेल्यांत काय आहे ते सांगा.

तिसरी मूठ, आता सविस्तर, कारण ही जमली. चप्पललाईन दादांची रापीची रीत वापरून काल रात्री पुन्हा एका रद्दी तुकड्यावर करून पाहिली. साल गुंडाळत निघाली तेव्हा बायकोला बोलावून दाखवली. तिनं बघितलं आणि "बरं" म्हणून गेली.

लाकडावर आधी एक मिमीचा मेण लावलेला सुती दोरा. वेढ्याला वेढा चिकटून, खालपासून वरपर्यंत, लहानपणी भोवऱ्याला जाळी गुंडाळायचो तस्सा. खाली पातळ फेव्हिकॉल. दोऱ्यानं लाकडाच्या दोन्ही फाका आवळल्या जातात, त्यामुळे अराल्डाइटनं दगा दिला तरी मूठ उघडणार नाही. मग दोन्ही टोकांना आणि बरोबर मधे दोऱ्याचे जाड कडे, तीन-तीन वेढ्यांचे. चामड्याखालून ते वर येतात. मधलं कडं म्हणजे वरच्या हाताची हद्द. न बघता कळतं.

चामड्याचं माप कागदावर काढलं. मूठ लट्टूकडे निमुळती, म्हणून तुकडा आयत नाही. कागद गुंडाळायचा, रेघ मारायची, ओव्हरलॅपसाठी दहा मिमी जास्त. वीस मिनिटं कोमट पाण्यात. कोमटच. पहिल्या खेपेला एका तुकड्यावर कढत पाणी ओतलं होतं, तो आकसून पापडासारखा झाला. बाहेर काढून टॉवेलात दाबायचा, पाणी निथळता कामा नये, पण गालाला लावला तर गार लागला पाहिजे.

फेव्हिकॉल लाकूड-दोऱ्यावर आणि चामड्यावर, दोन्हीकडे. सांध्यापासून सुरुवात, अंगठ्यानं दाबत दाबत भोवती, पुन्हा सांध्यावर. चामडं ओलं असताना तीन-चार मिमी सहज ताणलं जातं, तो ताण सगळीकडे सारखा द्यायचा. फेव्हिकॉलची मेहेरबानी ही की पाच-सात मिनिटं सरकवता येतं. कॉन्टॅक्टवाल्यात टेकलं की टेकलं.

आणि लगेच वरून दोरी. इथे दोन जणांची गरज आहे. मी तलवारीचं पातं जाड कापडात गुंडाळून गुडघ्यांत धरलं, दोरीचं दुसरं टोक मुलीनं दाराच्या कडीला अडकवून ताणून धरलं, आणि मी तलवारच फिरवत फिरवत तिच्या दिशेनं सरकत गेलो. दोरी स्वतःच बसत गेली, प्रत्येक वेढा सारख्या ताणानं. चार-चार मिमीचं अंतर. कड्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी आवळून, म्हणजे कडं उठून येतं. चामड्यातून फेव्हिकॉलमिश्रित पाणी बारीक थेंबांनी सांध्यातून बाहेर येत होतं. ते ओल्या फडक्यानं तिथल्या तिथे पुसलं, राहिलं तर तिथे पुढे रंग बसत नाही.

पंख्याखाली दोन दिवस. पावसाळ्यात तीन. उन्हात अजिबात नाही. दोरी सोडली तेव्हा चामड्यावर तिचे वेढे सापाच्या पोटासारखे उमटलेले. नखानं दाबलं तर टक टक वाजतं. बोट फिरवलं, सांधा लागला, पण शोधावा लागला.

---

शिस्तीतला | गुरुवार, सकाळी १०:२०

फेव्हिकॉल?? अस्सल करायचं म्हणता आणि फेव्हिकॉल? सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) वापरा. त्या काळी तोच होता. फर्निचरच्या जुन्या दुकानांत गोळे मिळतात. रात्रभर पाण्यात फुगवून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून तापवायचा.

---

कानसबहाद्दर | गुरुवार, दुपारी १:००

तुमचं बरोबर. वाफेवर तापवलेला सरस फार चांगला. ६० अंशांच्या आसपास ठेवायचा, उकळला तर मेला. चुकलं तर गरम पाण्यानं सुटतो, हा फायदा फेव्हिकॉलला नाही. पण आमच्या ९०० चौरस फुटांच्या फ्लॅटात सरस तापवला तर मला बाल्कनीत झोपावं लागेल. ज्याला अंगण आहे त्यानं जरूर करावं.

---

चप्पललाईन | गुरुवार, रात्री ८:३०

वरून काय लावलं? आमच्याकडे चपलेला तेल पाजतात, एरंडेल वगैरे. मऊ पडते.

---

कानसबहाद्दर | गुरुवार, रात्री ९:१०

म्हणूनच तेल नाही लावलं. चप्पल पायाबरोबर वाकायला हवी, मुठीवरचं चामडं टणक राहायला हवं. तेल सांध्यात शिरलं तर गोंदही सुटेल. फक्त मधमाशीचं मेण, अगदी पातळ, केस वाळवायच्या यंत्रानं तापवून कापडानं चोळलं. हाताच्या घामानं पुढे आपोआप काळपट होत जाईल.

---

लीड्सकर | शुक्रवार, रात्री २:१५

सांध्याबद्दल : माझ्या मित्राच्या सरावाच्या तलवारीवर तो चपट्या बाजूलाच आहे, चार वर्षं आठवड्यातून दोनदा ओढाताण, सांधा शाबूत. आधी झिजलं ते दांडीला लागून असलेलं चामडं, जिथे हातमोज्याचा अंगठा घासतो. तिथे अर्धा सेंटिमीटर जास्त चामडं आत दुमडून घ्या.

---

हळदीकुंकू | शनिवार, सकाळी ११:४०

मला पण एक करायचीय! तलवार नाही, भावाच्या दुकानातल्या जुन्या कोयत्याची मूठ. लाकूड घासलं, आता २६ बाय १९ आहे. माझा हात लहान, बांगडी सव्वादोनची. वर एक मिमी दोरा आणि एक मिमी चामडं. हात मिटला की बोटं तळव्याला टेकत नाहीयेत, अजून दोरा गुंडाळलाही नाही.

---

कानसबहाद्दर | शनिवार, दुपारी १२:०५

मग अजून बरंच जाड आहे. आधी बोटं तळव्याला टेकतील इतकं घासा, मग त्या मापातून रुंदी-जाडीला आणखी चार-चार मिमी काढा, दोरा त्यानंतर. आधी कोयत्याची टँग किती जाड आहे ते मोजा. टँगच्या दोन्ही बाजूंना निदान चार-चार मिमी लाकूड उरलं पाहिजे. आणि धार घालवून, कापडात बांधून मगच गुडघ्यांत धरा, ताई.